आईचा कागद माझ्याच पिशवीत होता

राळेगावात कचेरीसमोर टेबल टाकून मी पंचवीस वर्षं लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, संमतीपत्रं लिहितो आहे. माझा कागद त्रुटी काढून परत येत नाही, असा माझा तोरा आहे आणि तो मी लपवतही नाही. एखाद्या वकिलाच्या मसुद्यात चूक सापडली की मला त्या दिवशी जेवण गोड लागतं. आयुष्यातला सगळ्यात नेटका कागद मी माझ्या आईसाठी लिहिला. तो दाखवायची वेळ आली तेव्हा मी तो दाखवला नाही.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त होऊन दहाएक वर्षं झाल्यावर तिच्या फुफ्फुसात कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. नागपूरच्या डॉक्टरांनी औषधं लिहून दिली, खोटी आशा दिली नाही. परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. कपाशीची शेतं बघत म्हणाली, “मशीन लावू नका असा कागद आधीच करून ठेवता येते म्हणे. मी पेपरात वाचलं. तू करून दे.”

“काहीबाही बोलू नको आई.”

“दुनियेचे कागद लिवतं तू. माह्याच कागदाले काहून आडवा येतं?”

मला राग आला. मी तापट आहेच, त्यात भीती वाटली की जास्तच तापतो. दोन-तीन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. रविवारी विहारातून वंदना करून आलो आणि मोठ्या तोऱ्यात तिला विचारलं, “पंचशीलात पाणातिपाता वेरमणी रोज म्हणतं ना तू? मग हे कसं चालते?”

ती खोकत खोकत हसली. “ते जीव घेऊ नको म्हणते. जाणाऱ्याले धरून ठेव असं कुठं म्हणते?”

 वादात हरलो की मी कामाला लागतो. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मिळवून वाचला. इंजेक्शन देऊन मला मारा, असं आपल्याकडे कुणाला लिहून देता येत नाही. पण बरं होण्याची आशा उरली नसेल तर मशीन लावू नका, लावलं असेल तर काढा, एवढं शुद्धीवर असताना लिहून ठेवता येतं. दोन साक्षीदार लागतात, नोटरीचा शिक्का लागतो आणि आपल्या वतीनं बोलणाऱ्या जवळच्या माणसांची नावं लागतात. त्या वेळीही डॉक्टरांच्या समित्या तपासून ठरवतात, नुसत्या नातेवाइकांच्या मनावर नसतं. हे सगळं कळल्यावर मला त्या कामाची गोडीच लागली, हे कबूल करतो. आईच्या मरणाचा मसुदा मी चवीनं लिहिला. आमच्या शेजारच्या निवृत्त नर्सबाई आणि आईचे जुने हेडमास्तर साक्षीला आले. आईनं मसुदा वही तपासावी तसा तपासला, दोन जागी शुद्धलेखन सुधारायला लावलं आणि मग सही केली. बोलणाऱ्यांत पहिलं नाव माझं होतं, दुसरं कळंबला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीचं.

पुढे चार महिन्यांनी एका सकाळी आईला श्वास पुरेना. यवतमाळच्या एका खाजगी दवाखान्यात तिला नेलं. रिपोर्टांच्या कापडी पिशवीत तो कागदही होता, मीच ठेवला होता. दुपारपर्यंत कळंबहून बहीण आली, ढाणकीहून मावशी आली, भाचे-पुतणे आले. कुणी सिरियस झालं की आमच्याकडे सगळे पेशंटला भेटायला येतात आणि पोरांची परीक्षा घेऊन जातात. मावशी बाकड्यावर बसून सांगत होती, “आमच्या गल्लीत एकानं बापाले दवाखान्यातून असाच घरी नेला. लोक अजून म्हणते, पोरानं मारला.”

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. चांगल्या होत्या, घाईत नव्हत्या. म्हणाल्या, “व्हेंटिलेटर लावावा लागेल. लावला तरी मूळ आजार बरा होणार नाही. याबद्दल त्यांनी काही सांगून ठेवलंय का? काही लिहून वगैरे?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पिशवी माझ्या खांद्याला होती.

“नाही,” मी म्हणालो. “करता येईल ते सगळं करा. कसर ठेवू नका.”

मावशीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मला बरं वाटलं. हे लिहिताना शरमेनं मान खाली जाते, पण त्या क्षणी मला खरंच बरं वाटलं.

आईच्या मायेपोटी तसं बोललो, असं म्हणायची सोय आहे. माया होतीच. पण त्या क्षणी बोलली ती माया नव्हती. मास्तरीणबाईला पोरानं मारलं, हे वाक्य मला गावात ऐकायचं नव्हतं, एवढंच होतं.

चौथ्या दिवशी गुंगीचं औषध कमी केलं होतं. मी आत गेलो तर आईचे डोळे उघडे होते. तोंडात नळी, त्यामुळे बोलणं शक्यच नव्हतं. तिनं डाव्या तळव्यावर उजव्या हाताची चिमूट फिरवली, लिहिल्यासारखी. थांबून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फिरवली.

“काय म्हणून राह्यल्या आजी?” नर्सनं विचारलं.

मला कळलं होतं. इतकं स्पष्ट मला क्वचितच काही कळलं असेल.

“शिक्षिका होती ना,” मी म्हणालो, “लिहायची सवय आहे.”

नर्स हसली. तिनं आईच्या केसांवरून हात फिरवला. आई माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर मला सोसलं असतं. भरवशाच्या विद्यार्थ्याला कॉपी करताना पकडल्यावर मास्तर बघतात तसं ती बघत होती. मग तिनं हात आपणच खाली ठेवला आणि नंतर कधी उचलला नाही. कागद तेव्हाही काढता आला असता. पण आता तो काढला तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं. पहिल्या दिवशी मी लोकांना भ्यालो, चौथ्या दिवशी स्वतःच्याच खोट्याला.

नवव्या दिवशी आई गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एकामागून एक माणसं माइकवर येऊन माझी तारीफ करत होती. मुलगा असावा तर असा, शेवटपर्यंत हरला नाही, वगैरे. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना ते दुःख वाटलं.

पुढे दोनेक महिन्यांनी एक निवृत्त पोस्टमन माझ्या टेबलापाशी आले. त्यांना स्वतःसाठी तसाच कागद करायचा होता. बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, “तुमच्या आईनं केलता का असा?” मी पुन्हा नाही म्हणालो. इतक्या सहज निघालं ते तोंडातून की मीच घाबरलो. त्याच दिवशी टेबल आवरलं आणि बहिणीकडे कळंबला गेलो.

ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं, पिशवीतल्या कागदाचं, आईच्या हाताचंही. तिचे हात थांबले नाहीत.

“मले माहीत होतं दादा,” ती म्हणाली. “कागदावर माहं बी नाव होतं. डॉक्टरीणबाईनं विचारलं तेव्हा मी तुह्या मागंच उभी होती.”

“मग बोलली काहून नाही?”

“तू काय म्हणतं ते पाहून राह्यली होती. तू नाही म्हटलं, तं मले सुटल्यासारखं झालं. माह्यावर नाही आलं.”

ती चहा ठेवायला आत गेली. मी तिथंच बसून राहिलो आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं. आता आम्ही दोघं होतो. नळी तोंडात घेऊन आई नऊ दिवस एकटीच होती.