काकांनी तीनदा मागितलेली झेरॉक्स

मागच्या वर्षी आजच्या दिवशी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी काका गेले. त्या वेळी मी हिंजवडीत एका कंपनीच्या गेटबाहेर गाडीत बसून त्यांच्याविरुद्ध पुरावे लिहीत होतो.

वहीत. नंबर घालून.

सातवा मुद्दा लिहीत असताना अमोलचा फोन आला.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. बारावी अर्धवट सोडून मी वाशिमहून पुण्याला आलो, तेव्हापासून विश्रांतवाडीला त्यांच्याच घरी. त्यांनी मला ड्रायव्हिंग शिकवलं आणि स्वतःच्या नावावरची, पिवळ्या पाटीची पांढरी गाडी चालवायला दिली. कंपनीच्या लोकांचं पिकअप-ड्रॉप. माझं पोट त्या गाडीवर.

घरात गाड्या चार. काकांची जुनी निळी. त्यांच्या मुलाची, अमोलची, मोठी. माझ्याकडची पांढरी. आणि काकूंसाठी घेतलेली छोटी लाल. ती काकूंनी गेटपर्यंत नेली होती. परत काकांनी आणली.

पार्किंग एक.

काकांची पद्धत अशी, की काम होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही. दृष्ट लागते म्हणायचे. चारही गाड्या अशाच आल्या. एके दिवशी खाली बघावं तर हार घालून उभी.

सोसायटीचे सेक्रेटरी एकदा वर येऊन म्हणाले, "अहो, आपण शोरूम काढताय का? मग बोर्ड लावा. आम्हीही चौकशीला येऊ."

त्या रविवारी जेवताना काकांनी विचारलं, "एक विकायची. कोणती?"

अमोल म्हणाला, निळी. काकू म्हणाल्या, मोठी. मी म्हणालो, लाल.

"माझी काऊन? मी शिकून राहिली ना," काकू म्हणाल्या.

"तीन वर्षं?" अमोल म्हणाला.

"तुझं इंजिनिअरिंग सहा वर्षं चाललं. मी काही बोलले?"

सगळे हसले. पण पांढरीचं नाव कोणीच घेतलं नाही, काकांनीही नाही. मला तिथेच शंका आली. जिचं आधीच ठरलंय, तिच्याबद्दल कशाला बोलतील?

दोन दिवसांनी ड्यूटीवरून येऊन झोपलो होतो. आवाज आला म्हणून खिडकीतून पाहिलं. एक माणूस पांढरीचं बॉनेट उघडून, चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासत होता. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची असली की आरटीओत तो ठसा द्यावा लागतो. हे मला काकांनीच शिकवलेलं.

"कोण होता, काका?"

"वळखीचा हाय."

एवढंच. मुद्दा क्रमांक एक.

पुढच्या आठवड्यात विम्याचा कागद शोधताना कपाटात फॉर्म २९ आणि ३० सापडले. गाडी विकताना भरतात ते. पांढरीचा नंबर, विकणारा म्हणून काकांची सही. घेणाऱ्याची जागा कोरी.

मी कागद होते तसे ठेवले. घडीसुद्धा तशीच.

मग काका माझं आधार मागायला लागले. झेरॉक्स दे, दोन फोटो दे. कशाला, ते सांगायचं नाही. मी वहीत लिहिलं, "गाडी विकून वर माझ्या नावावर कर्ज काढण्याचा विचार दिसतो." लिहिलंय तसंच इथे देतोय. मुद्दा क्रमांक पाच.

तिसऱ्यांदा त्यांनी जिन्यात गाठलं.

"काऊन रे, झेरॉक्स नाही आणली?"

"आधार सापडत नाही, काका."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"तुझं कधी काही हरवते?"

त्यानंतर त्यांनी मागितलं नाही. मीही बोलणं कमी केलं. एकोणीस दिवस.

विसाव्या दिवशी पहाटे त्यांच्या छातीत दुखलं. अमोलने मोठी गाडी काढली, पण हॉस्पिटलच्या दारातच सगळं संपलं.

तेराव्यानंतर तीन दिवसांनी मला एका एजंटचा फोन आला. पेन्सिलवाला तोच.

"पेपर कधी देताय? काका म्हणाले होते, घेणारा पोरगा आधारच देत नाही."

"घेणारा कोण?"

"तुम्हीच ना?"

मी फोन ठेवला. पहिला विचार हाच, की याला फीसाठी असं बोलायला काय जातं?

अमोलला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "असेलही. पण नाव लिहिलेलं नाही. पप्पांनी विकत दिली असती की तशीच, तेही आपल्याला माहीत नाही." यात त्याचं काही चुकलं नाही.

काकू म्हणाल्या, "घेऊन टाक गाडी. तुझ्यासाठीच धावपळ चालली होती त्यांची."

"तुम्हाला सांगितलं होतं त्यांनी?"

"त्यांनी मला कधी काही सांगितलं? पण दुसऱ्याला विकायची असती, तर तुझा फोटो काय हार घालायला मागितला असता?"

तरी मी फुकट घेतली नाही. ज्या माणसावर महिनाभर संशय घेतला, त्याची गाडी फुकट घेऊन चालवू शकलो नसतो. तीन ठिकाणी भाव विचारला आणि सगळ्यात जास्त होता तो धरला. काकू वैतागून म्हणाल्या, "दे हप्ते. पण दर महिन्याला माझी सही मागत बसू नको."

विकली शेवटी लाल. काकूंनी स्वतःच काढायला सांगितली.

"शिकवणारा गेला," म्हणाल्या. "आता काय गेटपर्यंत नेऊन तिथेच सोडू?"

पांढरी वारस म्हणून आधी काकूंच्या नावावर झाली, मग माझ्या. काका, दहा मिनिटांचं काम होतं. तुमच्या सहीवर झालं असतं. मीच होऊ दिलं नाही.

गाडीची किंमत ३,४०,०००. अकरा हप्ते दिले, १,१०,०००. आरटीओ आणि एजंटचा खर्च वेगळा, ९,६५०. काकूंना देणं बाकी २,३०,०००.

तुमचं किती बाकी आहे, ते मला मांडता येत नाही. नमस्कार करतो, काका.