साठ हजार आणि कापसाचा बोळा

माहेरी तिला बडबडी म्हणायचे आणि सासरीही तेच नाव रुळलं, यातच काय ते आलं. वेबसाइट बनवायचं काम मात्र बाई असं करायची की नाव ठेवायला जागा नाही. मागच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर दोन स्क्रीन, पायाशी वायरींचा गुंता, आणि सात वर्षं डोक्यावर कुणी साहेब नाही. घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी. आकडा सांगितल्यावर समोर जी शांतता पसरते ना, ती हिला सोसायची नाही.

"वीस हजार होतील," ती म्हणायची. गिऱ्हाईक जरा थांबलं की, "म्हणजे, अठरातही बसेल." त्याने कागद उलटला की, "तुम्ही ओळखीचे, सोळा द्या." बिचाऱ्याने अजून तोंडातून ब्रही काढलेला नसायचा. स्वतःशीच घासाघीस करून स्वतःच हरणारी अशी दुसरी बाई शोधून सापडायची नाही.

नवरा शाळेत गणित शिकवायचा. एका रविवारी तो तिची कामाची वही घेऊन बसला.

"दातांच्या डॉक्टरबाईंच्या वेबसाइटचे बारा हजार घेतलेस. तास किती गेले?"

"लिहिलेत की तिथे. एकशे साठ."

"म्हणजे तासाला पंचाहत्तर. आपला पंक्चरवाला दहा मिनिटांत याच्या वर घेतो, आणि वर आपल्यालाच ओरडतो."

ती हसली, आणि मग आत जाऊन भांडी घासता घासता रडली.

त्याच आठवड्यात नोकरीचं पत्र आलं. मोठं ऑफिस, दहा ते सात, पगार बरा. काम काय, तर एकाने आखलेल्या चौकटीत दुसऱ्याने लिहिलेला मजकूर भरायचा. वाचूनच तिचं तोंड कडू झालं, पण घर नुसत्या हौसेवर चालत नाही हे तिलाही कळत होतं. डॉक्टरबाईंना आता सगळी वेबसाइट नव्याने करून हवी होती. नवरा-बायकोने तासांचा हिशेब मांडला, तो साठ हजारांवर गेला. ठरलं ते असं: डॉक्टरबाई साठ हजार देणार असतील तर दुसरेही देतील, मग नोकरीला नकार. नाहीतर पहिल्या तारखेपासून डबा घेऊन निघायचं. ऑफिसला उत्तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत हवं होतं.

गुरुवारीच तिची अक्कलदाढ काढायची होती. "आधी बोलून घेऊ, मग दाढ," असं डॉक्टरबाईंनीच फोनवर सांगितलं होतं. दवाखान्यात पोचली तर त्या म्हणाल्या, "मधला पेशंट आला नाही, आधी दाढच काढून टाकू." नाही म्हणायची सवय असती तर ही वेळ आली असती का? निमूट खुर्चीत जाऊन बसली. इंजेक्शन झालं, अर्धा चेहरा बधिर झाला, थोडी ओढाताण झाली आणि दाढ बाहेर आली. डॉक्टरबाईंनी जागेवर कापसाचा बोळा ठेवला.

"घट्ट दाबून धरा. अर्धा तास तोंड उघडायचं नाही. बोललात तर रक्त थांबायचं नाही."

मग त्या हात धुऊन टेबलाशी आल्या. "हं, द्या तुमचं कोटेशन."

बडबडीने पर्समधून दोन पानं काढून पुढे सरकवली. पहिल्या पानावर खाली ठळक अक्षरांत साठ हजार. डॉक्टरबाईंची नजर तिथे गेली आणि थांबली. झालं, हिचं धाबं दणाणलं. पंचावन्न, पन्नास, पंचेचाळीस, सगळे आकडे बोळ्यामागे गर्दी करून उभे राहिले. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं, बाहेर कुणीतरी खोकत होतं, आणि डॉक्टरबाई काही बोलत नव्हत्या.

तिला राहवेना. टेबलावरचं पेन तिने उचललं. पन्नास चालतील, एवढंच तर लिहायचं होतं.

"हं, द्या ते," म्हणत डॉक्टरबाईंनी पेन तिच्या हातातून काढून घेतलं आणि दुसऱ्या पानावर एका ओळीला खूण केली. "पेशंटला घरबसल्या वेळ घेता येईल ही सोय यातच धरलीय ना?"

तिने मान हलवली.

"आणि फोटो तुम्हीच काढून घेणार?"

पुन्हा मान.

"मग ठीक आहे. निम्मे आज पाठवते, निम्मे काम झाल्यावर. सोमवारी सुरू करा."

तिचा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं ज्या क्षणाला ती घाबरत आली होती तो हा असा येऊन गेलासुद्धा, आणि तिने त्यात काही म्हणजे काही केलं नव्हतं.

"एक सांगू?" डॉक्टरबाई सही करता करता म्हणाल्या. "आज बरं निवांत वाचता आलं. मागच्या वेळी मी नुसता चष्मा शोधत होते, तेवढ्यात तुम्ही आठ हजार कमी करून टाकलेत. मला वाटलं, घाई दिसतेय बाईंना."

बडबडीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"दुखतंय का?"

तिने जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं. बाहेर येऊन ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि ऑफिसला उत्तर लिहायला घेतलं. आधी आभार, मग घरच्या अडचणी, मग दिलगिरी, मग पुढेमागे अर्धवेळ जमेल का पाहते, असं करत नऊ ओळी झाल्या. तिने त्या एकदा वाचल्या. बोळा दाताखाली घट्ट धरला आणि एकेक ओळ पुसत गेली. शेवटी एवढंच उरलं: मी ही नोकरी घेत नाहीये, धन्यवाद. ते पाठवून तिने फोन मांडीवर ठेवला. आता पलीकडे कुणी कितीही वेळ गप्प बसो, तिला पुढे काही जोडायचं नव्हतं.