मानमोडीतून वाचलेली कोंबडी

इंदिरानगरातून निघालो तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर एक थंड डबा होता आणि त्याला सीटबेल्ट लावलेला होता. डब्यात बर्फ, बर्फात लशीच्या कुप्या आणि रक्ताच्या नमुन्यांसाठी रिकाम्या नळ्या. गाडी डॉ. वैशाली चालवत होत्या. त्या पशुवैद्य आहेत आणि गावठी कोंबड्यांच्या आजारांवर संशोधन करतात. पेठच्या डोंगरात एका पाड्यावर त्यांना एक कोंबडी बघायची होती. एका कोंबडीसाठी एवढा प्रवास कोणी का करावा, हे बघायला आणि त्याची बातमी करायला मी सोबत निघालो.

पंचवटीत भाजीबाजाराजवळ रिक्षा आणि दुचाक्यांनी रस्ता अडवला. गाडी थांबली तशी डॉक्टरांनी काच खाली करून टोपलीत गावठी अंडी घेऊन बसलेल्या बाईला भाव विचारला. बाईने भाव सांगितला नाही. डॉक्टरांची नजर अंड्यांच्या तपकिरी रंगावर आहे हे ओळखून ती म्हणाली, "घासून बघा. चहात बुडवलेली नायत." डॉक्टरांनी अंगठा ओला करून खरंच एक अंडं घासलं. रंग गेला नाही. बाईने त्यांच्याकडे असं पाहिलं की अंडी घेण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

पुढे पेठचा रस्ता मोकळा होता. भातं कापून झाली होती, खाचरांत पिवळी बुडखं उरली होती. सावळघाट चढताना डॉक्टरांनी विषय समजावून सांगितला. राणीखेत हा कोंबड्यांचा विषाणूचा आजार. त्यात आजारी पक्ष्याची मान पिळल्यासारखी वाकडी होते, म्हणून गावात त्याला मानमोडी म्हणतात. त्यावर औषध नाही, लस आहे. तो आला की पाड्यावरच्या कोंबड्या पटापट मरतात आणि कुठेतरी एखादी उरते. ती का उरते, एवढाच त्यांचा प्रश्न. कदाचित तिची आजाराशी गाठच पडली नसेल. किंवा गाठ पडूनही तिच्या रक्तात आईबापाकडून आलेलं असं काही असेल, जे विषाणूला पुरून उरतं. तसं असेल तर ते तिच्या पिल्लांतही उतरेल.

घाटातल्या वळणांनी थंड डब्याचं झाकण सुटलं आणि पाणी सीटवर आलं. पेठमध्ये शीतपेयांच्या एका टपरीवर बर्फ मागितला. मासळी आहे का, असं टपरीवाल्याने विचारलं. कोंबड्यांची लस आहे, असं सांगितल्यावर तो बर्फ फोडत म्हणाला, "उरली तर आमच्या मेव्हण्याला टोचा. बारा महिने खुराड्यातच असतो." बर्फाचे पैसे त्याने घेतले नाहीत.

पाड्याचं नाव इथे देत नाही. आजाराची बातमी पसरली की बाजारात त्या बाजूच्या कोंबड्यांना गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून तिथल्या लोकांनी तशी विनंती केली. घरं विखुरलेली, कुडाच्या भिंती, अंगणात नागली (नाचणी) वाळत घातलेली. अंगणभर धान्य पडलेलं असून त्यावर एकही कोंबडी नव्हती. ही गोष्ट लक्षात यायला मला वेळ लागला. डॉक्टरांच्या लक्षात ती गाडीतून उतरतानाच आली.

यमुनाताईंचं घर टेकाडाच्या पोटाशी आहे. वय तिशीच्या पुढे, बोलणं कमी. नवरा सायखेड्याकडे द्राक्षबागेच्या छाटणीला गेलेला. घरी त्या आणि सासू. आधी जेवा, मग काय ते, असं सासूने ठरवून टाकलं होतं. नागलीची भाकरी, उडदाचं भुजं (उडीद भाजून, भरडून केलेलं घट्ट पिठलं) आणि ठेचा. जेवताना कोंबडीचा विषय निघाला नाही. हात धुतल्यावर यमुनाताईंनी घडलेलं सांगितलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी कोणीतरी बाजारातून कोंबडा आणला. तो आला तो मलूलच. मग एकेक घर लागत गेलं. मर आली की इथे उभ्या, चालत्या कोंबड्या कापून टाकतात, नाहीतर बाजारात नेतात. उद्या मरणारच आहेत, तर आज खाऊ, असा हिशेब. यमुनाताईंनी तो काही न लपवता सांगितला. आठवडाभर सगळ्या पाड्यावर रस्सा होता.

डॉक्टर ऐकत होत्या. नंतर त्यांनी मला बाजूला सांगितलं की खरं नुकसान या घाईत होतं. मेल्या असत्या त्या आणि जगल्या असत्या त्या, दोन्ही एकाच हंडीत जातात. निसर्ग निवड करायला बसतो आणि आपण त्याच्या हातातून टोपली ओढून घेतो. बाजारात गेलेल्या कोंबड्या आजार पुढच्या पाड्यावर पोहोचवतात, ते वेगळंच.

यमुनाताईंची तांबूस कोंबडी वाचली, कारण ती त्या वेळी रवणाला (अंडी उबवायला) बसलेली होती. अंड्यांवर बसलेली कोंबडी इथे कापत नाहीत. नवरा कोयता घेऊन आला होता, पण सासू दारात आडवी उभी राहिली. ती म्हणाली, "लेकुरवाळीला हात लावशील तर तुझ्या भाकरीला मी हात लावणार नाय."

त्यानंतर ती कोंबडीही आजारी पडली. मान पाठीकडे वळली, चोच आभाळाकडे. यमुनाताईंनी तिला भाताची पेज चमच्याने पाजली. अंडी गार पडून नासली. कोंबडी मात्र हळूहळू उभी राहिली. मान पूर्ण सरळ झाली नाही.

आता ती पुन्हा बसली होती. ओढ्यापलीकडच्या पाड्यावरून एक कोंबडा पाहुणा म्हणून आणला होता. त्याची बडदास्त जावयासारखी ठेवली, असं सासूने सांगितलं. प्रत्येक घराला एक तरी पिल्लू द्यायचा शब्द यमुनाताईंनी दिला होता. याआधी सरकारी योजनेतून काही घरांना सुधारित जातीची पिल्लं मिळाली होती, पण त्या कोंबड्या अंडी देतात आणि उठून जातात, उबवायला बसत नाहीत. पाड्याचं स्वतःचं बेणं (पुढच्या पिढीसाठी राखलेलं वाण) म्हणजे त्या कोपऱ्यातल्या टोपलीत, एका कोंबडीच्या पोटाखाली होतं तेवढंच.

आणि डॉक्टरांना त्या कोंबडीचं रक्त हवं होतं. रक्तावरून तिची आजाराशी गाठ पडली होती की तिला दुसरंच काही झालं होतं, ते नक्की कळतं. पण खुडूक (उबवायला बसलेली) कोंबडी बिथरली तर अंडी सोडून देते. मग सगळं गेलं.  यमुनाताई टोपली आणि डॉक्टर यांच्यामध्ये बसून राहिल्या.

शेवटी तोडगा निघाला. कोंबडी दिवसातून एकदा दाणे टिपायला आणि पाय मोकळे करायला उठते. तेव्हा घ्यायचं. आम्ही ओट्यावर बसून राहिलो. ऊन कलू लागलं तशी ती आली. दारातून बाहेर पडताना तिने वाकड्या मानेने आमच्याकडे तिरकं पाहिलं. ती सरळही चालत नव्हती. कमान काढत काढत दाण्यांपाशी पोहोचली. तिला पोटभर टिपू दिलं. मग यमुनाताईंनी तिला उचललं, डॉक्टरांनी पंखाखालच्या शिरेतून थोडं रक्त घेतलं. सगळं चटकन झालं. जमिनीवर ठेवताच कोंबडी घराकडे न जाता करवंदीच्या जाळीत शिरली.

आम्ही वाट पाहिली. ती येईना. डॉक्टर म्हणाल्या, अंडी थोडा वेळ गार झाली तरी चालतं, ती अशीही रोज उठतेच. हे त्यांनी एकदा सांगितलं आणि मग पुन्हा सांगितलं. यमुनाताईंनी चुलीपाशी जुन्या लुगड्याचा तुकडा ऊनऊन केला आणि अंड्यांवर पांघरला. सासू ओट्यावरून म्हणाली, "रक्त काढलंय ना, आता डॉक्टरीणबाईलाच बसवा अंड्यावर. अंगानं बरी हाय." डॉक्टर हसल्या, पण हातातली नळी त्यांनी बराच वेळ डब्यात ठेवली नव्हती.

जाळीजवळ जायला यमुनाताईंनी आम्हाला मना केलं. त्या स्वतः दाराच्या आत जाऊन भिंतीला टेकून बसल्या, जसं रोज बसत असतील. खूप वेळाने पानं हलली. कोंबडी बाहेर आली, चुकीच्या दिशेने गेली, थांबली, मोठं वळण घेऊन अंगणात आली आणि उंबरा चढून आत गेली. टोपलीत बसताना तिने चोचीने लुगडं बाजूला सारलं. पिसं फुलवली. अंडी एकेक करून पोटाखाली ओढली. 

खरा प्रश्न यमुनाताईंनी त्यानंतर विचारला. पिल्लं निघाल्यावर त्यांना लशीचे थेंब टाकायचे का? डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. थेंब टाकले तर पिल्लं सुरक्षित होतील, पण ती उद्या वाचली तर रक्ताने वाचली की लशीने, हे कधीच कळणार नाही. थेंब टाकले नाहीत आणि मर आली, तर कळेल. पण काही मरतीलही.

"तुमची असती तर?" यमुनाताईंनी विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "माझी असती तर थेंब टाकले असते."

"मंग टाका."

डॉक्टरांनी मान डोलावली. थेंब टाकायला पिल्लं निघाली की स्वतः येईन, असं सांगितलं आणि सामान आवरायला घेतलं. या कोंबडीची पिल्लं त्यांच्या अभ्यासातून गेली होती. डब्याचं झाकण त्यांना दोनदा लावावं लागलं.

यमुनाताई आत गेल्या. नागलीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी दाण्यांत पुरून ठेवलेली अंडी काढली. याच कोंबडीची. सगळी तिच्या पोटाखाली मावली नाहीत, म्हणून राहिलेली. ती माहेरी न्यायची होती. त्यांनी ती सुपात ठेवली आणि सूप डॉक्टरांपुढे सरकवलं.

"ही न्या. यांना थेंब टाकू नका. तिकडं तुमच्या घरात काय ते बघा, इथं नको." मग म्हणाल्या, "मेली तरी सांगा. लपवू नका."

उतरताना घाटात अंडी माझ्या मांडीवर होती, पेंढ्यात गुंडाळून. सीटबेल्ट डब्यालाच राहिला. डॉक्टर प्रत्येक वळण सावकाश घेत होत्या आणि मागून येणारे ट्रक हॉर्न देत होते. मला बातमीसाठी निष्कर्ष हवा होता. त्याऐवजी हाती जे आलं ते पेंढ्यात होतं आणि त्याचं काय होणार हे कोणालाच माहीत नव्हतं. विज्ञानाला लागणारा पुरावा कोणाच्या तरी अंगणातून येतो, आणि देणाऱ्याने तो न देण्याचा हक्क राखून दिलेला असतो, एवढं त्या दिवशी दिसलं. पंचवटीत गर्दी तशीच होती. अंड्यांना धक्का बसू नये म्हणून मी पूर्ण रस्ता टाचा उचलून बसलो होतो, हे इंदिरानगरात उतरताना पोटऱ्या दुखल्या तेव्हा कळलं.

रक्ताचा अहवाल आला. कोंबडीला मानमोडीच झाली होती. तिची गाठ आजाराशी पडली होती आणि ती त्यातून उठली होती. पाड्यावर पिल्लं निघाली, डॉक्टरांनी जाऊन थेंब टाकले, घराघरांत ती वाटली गेली. शहरात यंत्रात ठेवलेल्या अंड्यांतूनही काही पिल्लं निघाली. अंड्यातून आईकडून आलेलं, काही आठवडेच टिकणारं संरक्षण ओसरेपर्यंत त्या पिल्लांना थांबावं लागणार होतं. त्यानंतर बंद खोलीत, दुसऱ्या साध्या पिल्लांसोबत, त्यांना विषाणूसमोर ठेवायचं होतं. जनुकांचं खरं-खोटं तिथेच ठरणार.

त्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी डॉक्टरांच्या खोलीत होतो. त्यांनी यमुनाताईंना फोन लावला. मेल्यावर सांगा, असं ठरलं होतं. डॉक्टरांनी आधी सांगितलं. उद्या करणार आहोत, काही जातील, कदाचित सगळी जातील. पलीकडून कुठल्याशा घरातल्या पिल्लांचा चिवचिवाट ऐकू येत होता. 

"दाणे टाकून मग करा," त्या म्हणाल्या. "उपाशी नको."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर नेहमीपेक्षा लवकर कामावर गेल्या. दाणे त्यांनी स्वतः टाकले. पिल्लांचं टिपून होईपर्यंत त्या दाराशी उभ्या होत्या.