पाणी द्यायला मी सांगितलं होतं

पहूरला वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि आमच्या घरात देवाला विचारल्याशिवाय पान हलत नसे. शेळी विकायची असली तरी आधी सगळ्यांनी डोळे मिटायचे. वाट तो दाखवतो, आपण फक्त चालायचं, असं वडील म्हणत. मला ते अगदी पटायचं. माझ्या वाट्याला काय येणार ते मला ठाऊक होतं, म्हणूनही पटत असेल.

माझ्या वाट्याला येणार होता तो धुळ्याच्या एका हायस्कुलात शिकवणारा मुलगा. जळगावच्या मेळाव्यात तो पेटी वाजवायचा. एकदा गाताना मी सूर चढा लावला, तर मान वर न करता त्याने पेटी माझ्या सुरावर आणली. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझा जीव तिथेच जडला. पुढे चर्चच्या पाळकसाहेबांनी शब्द टाकला आणि मे महिन्यात मुलाची आई आणि मामा आमच्याकडे मुलगी बघायला येणार असं ठरलं. मुलगी म्हणजे मी, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. धाकटी बहीण नुकती मॅट्रिक झाली होती आणि जूनमध्ये जळगावला नर्सिंगच्या ट्रेनिंगला निघायची होती.

पाहुण्यांना आमरसाबरोबर पुरणाचे मांडे करायचे असं मीच ठरवलं. मुलाच्या आईने माझा हात बघावा, ही हौस. मागच्या अंगणात चूल पेटवून त्यावर खापर पालथं घातलं होतं आणि मी मांडा दोन्ही हातांवर फिरवून मोठा करत होते. तो त्या वेळी खाली ठेवता येत नाही आणि खापरावरचा सोडून उठताही येत नाही. नेमका तेव्हाच पुढच्या दारी पाहुण्यांना एस.टी.वरून आणणारी बैलगाडी थांबल्याचा आवाज आला. आई शेजारी पाट आणायला गेलेली. धाकटी भिंतीच्या सावलीत निवांत बसली होती. घरात काम निघालं की ती सावली शोधायची. मी तिच्यावर ओरडले, "बसलीस काय, पाणी दे त्यांना."

ती गेली. पाणी दिलं, आणि आत येऊन मला हातभार लावायला नको म्हणून बाहेरच रेंगाळत तिने बैलांपुढेही बादली ठेवली.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, एक गोष्ट आहे. धन्याच्या मुलासाठी मुलगी शोधायला निघालेला म्हातारा सेवक विहिरीपाशी थांबून देवाला म्हणतो, जी मला पाणी देईल आणि माझ्या उंटांनाही पाजीन म्हणेल, तीच तू निवडलेली असं मी समजेन. मुलाच्या आईने धुळ्याहून निघताना एस.टी.त बसल्या बसल्या हीच खूण मागितली होती. उंट कुठून येणार, म्हणून बैल धरले होते. धाकटीने बादली ठेवली आणि त्या माउलीचे डोळे भरून आले. मी मांड्यांची चळत घेऊन आत आले तेव्हा त्या धाकटीचा हात धरून बसल्या होत्या आणि भावाला सांगत होत्या, "देवनी दखाडी दिधं. हाईच पोर शे."

माझे मांडे त्यांनी दोन खाल्ले. चांगले झाले म्हणाल्या.

पाहुणे गेल्यावर मी वडिलांना सांगितलं की पाणी द्यायला मी पाठवलं होतं, तिला काय सुचणार होतं. वडील म्हणाले, "देवाने तुझ्याच तोंडून सांगितलं असेल, बाई." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझंच तोंड वापरून मलाच वगळलं, हा कुठला न्याय? आईने नर्सिंगचं विचारलं, तर वडील म्हणाले, देवाने वाट बदलली. मला तर वाटलं, हिची रात्रपाळीसुद्धा वाचली.

धाकटीचं लग्न झालं. मी जळगावला शाळेत नोकरी धरली आणि मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था बघू लागले. रोज सकाळी मुलींना सांगायचे, देवावर भार टाका, तो सांभाळतो. दर सुट्टीत धुळ्याला जायचे आणि जळून परत यायचे. बहिणीच्या घरात रेडिओ आला, दोन मुलं झाली, परसात शेवग्याचं झाड वाढलं. प्रत्येक गोष्टीला मी मनात म्हणायचे, हे माझं. रविवारी भावजी चर्चमध्ये पेटीवर बसले की मी खालच्या पट्टीत गायचे. तेवढाच सूड माझ्या हातात होता.

सगळ्यात वाईट म्हणजे तिच्या सासूबाईंची साक्ष. प्रार्थनासभा कुठलीही असो, त्या उठायच्या आणि बैल, बादली, एस.टी. सगळं साग्रसंगीत सांगायच्या. बायका पदराने डोळे टिपायच्या. मीही टिपायचे, माझं कारण वेगळं. धाकटी तेव्हा मान खाली घालून बसायची. मी म्हणायचे, काय पण नम्रतेचं सोंग.

पुढे सासूबाई गेल्या. त्यांच्या आठवणीच्या सभेत पाळकसाहेबांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. दुपारी लोक पांगले आणि आम्ही दोघी परसात भांडी घासायला बसलो. मला राहवेना. मी म्हटलं, "ते पाणी द्यायला मी सांगितलं होतं."

"माहीत आहे ना," ती म्हणाली. "मी कशाला आपण होऊन उठते?"

तिने पातेलं उपडं घातलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्का, त्या गोष्टीतल्या मुलीला घरच्यांनी विचारलं होतं, जातेस का म्हणून. मला कुणी विचारलं?"

ती गोष्ट मी रागारागाने इतक्या वेळा वाचली होती की मला पाठ होती. विचारल्याच्या त्या भागाशी मी एकदाही थांबले नव्हते. तिला नर्स व्हायचं होतं. मला तिचा नवरा हवा होता. त्या उन्हाळ्यात मी तिला नुसतं विचारलं असतं, तुला हे हवंय का, तर ती नाही म्हणाली असती. दोघींचंही भलं झालं असतं. मी मात्र खूण कुणाची यावरच भांडत बसले होते.

"सुखी नाहीस का तू?" मी विचारलं. खरं सांगते, ती नाही म्हणेल अशी मला आशा होती.

"सुखी आहे अक्का. ते देवाने केलं. विचारलं नाही, ते तुम्ही केलंत."

एवढं बोलून ती पुढचं भांडं घासू लागली. देवाशी तिचं भांडणच नव्हतं. नको असलेल्या वाटेवर त्याचा हात धरून ती इतकी वर्षं चालली होती आणि कुठल्याही सभेत तिने त्याची साक्ष दिली नव्हती. मी रोज सकाळी देवावर भार टाकायला शिकवत होते आणि माझा भार एक दिवसही खाली ठेवला नव्हता. नवऱ्याचा, रेडिओचा, शेवग्याचा हेवा त्या दुपारी संपला. पण त्यांच्या जागी तिच्या त्या विश्वासाचा हेवा येऊन बसला, आणि तो काही केल्या जात नाही.