डिझेल बॉइजचे इबूभाय

इबूभाय कानाने बघायचे. हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगून मोकळं व्हायचं. एकदा त्यांनी एका ट्रकला असा कान लावला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "इंजिनाला काय झालेला नाय. तू बायकोशी भांडून आलायस, गिअर रागाने टाकतोस." ड्रायव्हर तिथेच टायरला मिठी मारून रडला. निदान डोळे तरी पुसले त्याने, हे मी शपथेवर सांगेन.

इबूभाय मूळचे नाटे गावचे. रत्नागिरीत बंदराच्या रस्त्याला ट्रक आणि मचव्यांची इंजिनं दुरुस्त करीत. साठचं दशक संपत आलं होतं. रेडिओवर साहेबाची गिटारवाली गाणी ऐकून आम्हा तिघांची डोकी फिरली होती. जनूच्या घरी शिमग्यात ढोल वाजवायचा मान, म्हणून तो ड्रमवर. ड्रम म्हणजे डिझेलचं रिकामं पिंप. गजाचा आवाज मासे लिलावात विकता येतील असा, म्हणून तो गायक. मी गिटार. माझे वडील शाळामास्तर होते, ते लवकर गेले, पण इबूभाय मलाच 'मास्तर' म्हणत. आम्हाला जागा कोणी देईना, तेव्हा इबूभायच म्हणाले, "माझ्या गॅरेजात या. तिथे आवाजाला कोण भीत नाय."

गिटारही त्यांनीच बनवली. फणसाचं लाकूड, क्लचवायरीचा पीळ सोडवून काढलेल्या तारा, जुन्या रेडिओच्या पोटातून केलेला ॲम्प्लिफायर आणि त्याला ट्रकची बॅटरी. ट्रक रंगवणाऱ्याने पिंपावर 'डिझेल बॉइज' लिहिलं आणि सवयीने खाली 'हॉर्न द्या' असंही लिहून टाकलं.

पहिला कार्यक्रम गल्लीच्या गणपतीपुढे होता. आदल्या दिवशी इबूभायनी प्रेमाने गिटारीला आणि ड्रमच्या काठ्यांना काजूच्या टरफलांचं तेल चोपडलं, होडीला लावतात तेच. लाकूड सात पिढ्या कुजत नाही, पण ओलं असताना हात लागला की कातडी सोलून निघते. आम्ही रात्रीपर्यंत सराव केला आणि सकाळी आमच्या हातांवर लिंबाएवढे फोड! इबूभायनी सगळ्यांना चिंध्या बांधल्या आणि म्हणाले, "पयलं पोळतं, मग टिकतं."

तसेच वाजवायला बसलो. माझा पहिला सूर ऐकून मुंबईहून आलेल्या बोटीने उलटा भोंगा दिला, असं बंदरावरचे लोक सांगत. पुढच्या रांगेतली मासेवाली आजी ओरडली, "मेल्यांनू, इंजिन बिघडलंय तर दुरुस्त करा! लोकांना कशाला ऐकवताय?" पण पोरं नाचली. पुढच्या आठवड्यात अर्धं गाव बोटांना चिंध्या बांधून फिरत होतं. फॅशन!

वर्षभर आम्ही गाजलो. इबूभाय प्रत्येक सरावाला गिटारीवर स्क्रूड्रायव्हर टेकवून निकाल देत: "तिसऱ्या तारेत हवा धरलीय." हवा धरली की डिझेलचं इंजिन धापा टाकतं, माझी तिसरी तार तशीच होती.

मग चिपळूणच्या एका थिएटरवाल्याने बोलावलं. शनिवारी कार्यक्रम. आणि त्याच शनिवारी मंडणगडच्या शाळेत हजर व्हा, असं मला नोकरीचं पत्र आलं. आई लोकांचे पापड लाटून घर चालवत होती. मी पत्र तिला दाखवलंच नाही. ॲम्प्लिफायरच्या बॅटरीखाली लपवलं. मला स्टेजवर मरायचं होतं!

गुरुवारी सरावाला गेलो, तर इबूभाय बॅटरीत पाणी भरून हात पुसत होते. त्यांनी गिटारीला कान लावला. खूप वेळ लावला. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर, तुझ्या पिस्टनच्या रिंगा गेल्या. तू बेसूर आहेस. उतर गाडीतून."

"इबूभाय, परवा चिपळूण आहे!"

"म्हणूनच. हे लाकूड घे आणि चालू लाग. परत ह्या गॅरेजात दिसलास तर पान्हा फेकून मारीन."

जनूने काठ्या पिंपावर ठेवून दिल्या. मी रडत घरी आलो, तर आई दारात उभी आणि तिच्या हातात ते पत्र. ते तिथे कसं पोचलं हे विचारायचंही भान मला नव्हतं. शनिवारी मंडणगडला हजर झालो. मुख्याध्यापकांनी पत्र उजेडात धरून विचारलं, "हा डाग कसला हो?" कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा उमटला होता, बैलाच्या खुराएवढा. अख्ख्या महाराष्ट्रात एवढा अंगठा एकाच माणसाला होता.

माझ्याविना चिपळूण झालं नाही. महिन्याभरात जनू मुंबईला गेला, गजा जहाजावर चढला, पिंपात पुन्हा डिझेल आलं.

अंगठा ओळखूनही मी बरीच वर्षं त्यांच्याकडे गेलो नाही. नोकरी लागली, आईचा पोळपाट सुटला, माझी पोरं शिकली. पण 'बेसूर' हा शब्द फोडासारखा ठणकत होता. शेवटी निवृत्त होऊन रत्नागिरीला परतलो आणि गॅरेज गाठलं. इबूभायना दिसत कमी होतं. पायरव ऐकूनच म्हणाले, "ये मास्तर. डावा पाय घासतोस."

मी म्हटलं, "इबूभाय, खरं सांगा. मी त्या दिवशी बेसूर होतो?"

"होतास."

माझा चेहरा पडला असणार, आणि तोही त्यांना ऐकू आला असणार.

"पण त्या दोघांपेक्षा कमी," ते म्हणाले. "त्यांच्यातला एक काढला असता तर बँड चालूच राहिला असता, आणि तू गेला नसतास. तुझ्या आईचे हात बघितले होते रे मी. तेलाशिवाय सोललेले." मग ओरडले, "पोरानू, मास्तरांना चहा आणा! आणि पान्हे लपवा, मी शब्द दिलाय!"

इबूभाय गेल्या वर्षी गेले. यंदा माझ्या घराला वाळवी लागली. दाराची चौकट खाल्ली, कपाट खाल्लं, शाळेने दिलेलं मानपत्र तर फ्रेमसकट खाल्लं. इबूभायनी तेल लावलेल्या गिटारीला मात्र तोंड लावलं नाही. काल मी तिच्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून एकेक तार छेडली.

तिसऱ्या तारेत अजून हवा आहे. मी ती काढणार नाही.