गेल्याची खूण

नाव पुसणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात जोखमीची गोष्ट. लोकांना वाटतं, बटण दाबलं की माणूस यादीतून गेला. तसं नसतं. मी एका खासगी दूध डेअरीचं संगणकाचं काम बघतो. दूध घालणाऱ्यांची माहिती धाराशिव, कळंब आणि तामलवाडी अशा तीन ठिकाणच्या यंत्रांवर असते आणि त्या तिन्ही प्रती सतत एकमेकींशी मेळ घालत राहतात. एकीतून नाव नुसतं पुसलं, तर बाकीच्या दोघींना वाटतं, हिचं काहीतरी हरवलंय. आणि त्या ते मोठ्या मनाने परत देऊन टाकतात. म्हणून पुसलेल्या जागी एक खूण ठेवायची: हा गेला. ती खूण सगळीकडे पोचली की काही काळाने झाडून टाकायची, नाहीतर यंत्रात खुणाच खुणा व्हायच्या.

तामलवाडीचं केंद्र इमारतीच्या रखडलेल्या कामासाठी दोन वर्षांच्या वर बंद होतं. इतकं झोपलेलं यंत्र आधी कोरं करायचं, ताजी प्रत भरायची आणि मगच जोडायचं असतं. तिथल्या उत्साही मूर्तीने मला न विचारता सरळ वायर खोचली. तोवर इकडच्या खुणा झाडून झाल्या होत्या. तामलवाडीला कुणाच्याच जाण्याची खबर नव्हती आणि बाकीच्या दोघींना आठवण नव्हती. त्यांनी तिचं सगळं खरं मानलं आणि पुसलेली नावं यादीत परत आली.

दुसऱ्या सकाळी ढोकीजवळच्या आमच्या घरी वडिलांच्या फोनवर डेअरीचा संदेश आला. ‘आज आपले दूध केंद्रावर आले नाही.’

वडील जाऊन दोन वर्षं होत आली होती. म्हशी केव्हाच विकल्या होत्या. मी संदेश दोनदा वाचला. मग मी तामलवाडीच्या त्या शहाण्याला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि त्यानंतर कुठं मला सुचलं की हा फोन अजून चालू कसा? आई तो रोज चार्जिंगला लावत होती.

“वन्संचा फोन येतो की ह्याच्यावर,” ती म्हणाली.

वन्सं म्हणजे माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. तिकडं कर्नाटकात आळंदच्या बाजूला दिलेली. वडील गेले त्याच आठवड्यात तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. आत्ता सांगू नका, म्हणून तिच्या मुलांनी हात जोडले. दहावा झाला, तेरावा झाला, वर्षश्राद्धही झालं. एवढ्या उशिरा मरणाचा सांगावा घेऊन कोण जातं? आत्याच्या लेखी वडील जिवंतच राहिले आणि आई तिला “रानात गेलेत” सांगत राहिली. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो म्हणतात, तसं ते खोटं सोकावलं होतं.

मी घरीच बसून यादी दुरुस्त करत होतो. टळटळीत दुपार होती. फोन वाजला, आत्याची सून हल्ली तिला व्हिडिओ कॉल लावून द्यायची. आई लगबगीने आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू होतं. ठसठशीत, पहिल्यासारखं.

ती हसून बोलली. “रानात गेलेत, वन्सं. येतेलच आता.” फोन ठेवला, कुंकू राहिलं.

“आई, पूस की ते.”

“पुसते. तुला काय घाई हाय?”

संध्याकाळी भाकरी थापताना ते तसंच होतं. दुसऱ्या दिवशीही. भिंतीवरचा वडिलांचा हार घातलेला फोटो नाहीसा झाला होता. फोनमध्ये दिसतो म्हणून काढला, असं ती म्हणाली. सकाळी चुलीवर आणखी एका माणसाच्या अंघोळीचं पाणी तापत होतं. मला आईची भीती वाटली. स्वतःच्या आईची. घरात वडील गेल्याची एकही खूण उरली नव्हती, आणि पलीकडून आत्या ठामपणे सांगत होती की ते आहेत. अशा वेळी कोणती प्रत जिंकते, हे मला पोटापाण्यापुरतं तरी कळतं.

आत्याला सांगायचं ठरवलं. तिचं काय व्हायचं ते होवो, मला माझी आई परत पाहिजे होती.

फोन वाजताच मी उचलला. पडद्यावर आत्या मोतीबिंदूचे डोळे बारीक करून बघत होती. माझं वाक्य तोंडात तयार होतं.

“दादा!” ती ओरडली. “आज घावलास व्हय रं? लई वाळलास की!”

मी आईकडे बघितलं. ती दारात उभी होती. ना तिने मान हलवली, ना डोळ्यांनी काही खुणावलं. नुसती थांबली होती. पडद्यावर आत्या हसत हसत रडायला लागली.

“व्हय,” मी म्हणालो. “जरा वाळलोय. तू कशी हायस?”

पुढचं बोलणं मला आठवत नाही. फोन ठेवला तेव्हा आईने डोक्यावरून पदर घेतला. वडील रानातून आले की द्यायची, तसा पाण्याचा तांब्या तिने माझ्यापुढे ठेवला आणि खाली बघत बाजूला उभी राहिली.

मला तहान नव्हती. मी पाणी प्यायलो.