नावाची जागा

राधाक्काच्या गाण्यांचा अल्बम निघाला म्हणून मी तो मोबाइलवर लावला. आई खाली बसून मेथी निवडत होती. आधी कीबोर्ड, मग ढोल, मग व्हायोलिनांचा ताफाच. त्या गर्दीत राधाक्काचा खरखरीत, मोकळा आवाज अंग चोरून उभा राहिल्यासारखा वाटला.

"ही हळद आहे का वरात?" आई म्हणाली.

आमच्या गावात राधाक्काच्या गाण्यांशिवाय हळद लागत नसे. घरच्यांची नावं विचारून ती ओळीत गुंफायची. ताईच्या हळदीला तिनं विचारलं, "नवरीच्या बापाचं नाव काय गं?" आई नुसती लाजली. 'अहो'पलीकडे तिनं दादांना कधी हाक मारली नव्हती. शेवटी आत्यानं नाव सांगितलं. गाण्यात ते ऐकून मांडवाच्या खांबाशी उभे असलेले दादा उपरण्यानं डोळे पुसू लागले.

अल्बमात कुणाचं नाव घालणार? तरी राधाक्का सवयीनं त्या जागी क्षणभर थांबते, कुणी सांगेल म्हणून. तेवढ्यात व्हायोलिनं धावून येतात आणि ती जागा बुजवून टाकतात. वाद्यांशी माझं वैर नाही. पण थोडं थांबायला काय झालं होतं?

दादांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

पुढचं कडवं आलं. राधाक्का थांबली. हातातली मेथीची जुडी तशीच धरून, व्हायोलिनं यायच्या आत, आई हळूच म्हणाली, "केशवराव."